रीपरमधून व्हिडिओ बाहेर काढताना: नवख्यांसाठी सगळी वाट

गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली. ‘दादा, व्हिडिओ झाला, बघून सांगा.’ फाइल ९० केबीची. नऊ मिनिटांचं भजन, चार माइक, वर मोबाइलवर काढलेलं चित्र, आणि सगळं मिळून ९० केबी! त्याने पाठवली होती रीपर या आवाजाच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, म्हणजे आरपीपी. ती साधी मजकुराची फाइल असते. कुठली क्लिप कुठे ठेवली, आवाज कमी-जास्त करणारा कुठला फेडर किती खाली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आवाज आणि चित्र ज्या फोल्डरमध्ये होतं तिथेच राहतं, फाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता.

ही चूक हसण्यासारखी नाही, मीही केली आहे. ‘सेव्ह’ म्हणजे काम जपून ठेवणं आणि ‘रेंडर’ म्हणजे त्या कामातून लोकांना बघता येईल अशी फाइल बनवणं, हा फरक कुणी आधी सांगत नाही. वर्ड वापरणाऱ्याला सेव्ह केलं की कागद हातात येतो. इथे तसं नसतं.

तर हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांचं काम मुळात आवाजाचं आहे: भजन, कीर्तन, शास्त्रीय बैठक, तबल्याची शिकवणी, पॉडकास्ट. आवाज रीपरमध्ये नीट केला, सोबत व्हिडिओ आहे, आणि आता दोन्ही एकत्र यूट्यूबवर टाकायचे आहेत. रीपर घेतलं कारण मी रोज तेच वापरतो, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विनअ‍ॅम्प हा गाणी वाजवणारा प्लेअर लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर, पहिली आवृत्ती २००६ची. ६० दिवस पूर्ण रूपात वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

उदाहरण एकच धरतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. आमच्या भजनी मंडळाचा एक अभंग, लांबी ९ मिनिटं १२ सेकंद. मोबाइल तिकाटण्यावर, देवळाच्या दाराशी. बुवांसमोर एक माइक, पेटीला एक, पखवाजाला दोन, सगळे लॅपटॉपला जोडलेल्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या यंत्रात.

आधी एक गोष्ट ठरवा

चित्राला हात लावायचा आहे का? रेंडरचं बटण शोधण्याआधी याचं उत्तर हवं, कारण पुढच्या वाटा दोन आहेत.

मोबाइलमधलं चित्र आधीच दाबून लहान केलेलं असतं. रीपरमधून व्हिडिओ रेंडर केला की ते उलगडून पुन्हा दाबलं जातं. यूट्यूब ते तिसऱ्यांदा दाबतं. दर वेळी थोडं काही जातं. अंधाऱ्या गाभाऱ्यात, समईच्या उजेडात काढलेल्या चित्रात ते लगेच दिसतं: मागची भिंत चौकोनी चौकोनी होऊन थरथरते.

म्हणून माझं मत सरळ आहे. फक्त आवाज बदलायचा असेल, म्हणजे मोबाइलचा किरकिरा आवाज काढून तिथे स्वच्छ मिश्रण बसवायचं असेल, तर रीपरमधून फक्त आवाज काढा आणि तो मूळ व्हिडिओला जोडा. चित्र जसंच्या तसं राहतं आणि वेळही वाचतो. पण चित्र कापायचं असेल, दोन कॅमेरे असतील, वर नाव लिहायचं असेल, किंवा व्हिडिओच नसून एखादा फोटो लावून गाणं चढवायचं असेल, तर रीपरमधूनच व्हिडिओ रेंडर करावा लागेल. दोन्ही वाटा खाली सांगतो. तयारी मात्र दोन्हींना सारखीच.

तयारी

नवीन प्रोजेक्ट उघडा, लगेच ‘सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज’ करा आणि त्या खिडकीतली सगळं मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण चालू करा. मोबाइलची केबल काढल्यावर व्हिडिओ ‘सापडत नाही’ म्हणून रडारड होते ती मग होत नाही.

आता ऑल्ट-एंटर दाबा, प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडतात. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा, ४८००० करा. सीडीच्या काळातला ४४१०० हा आकडा व्हिडिओच्या जगात चालत नाही, इथे ४८००० हीच रीत आहे. प्रोजेक्टचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तोही या सेटिंग्जमध्येच असतो. तिथे तुमच्या व्हिडिओचा जो असेल तोच घाला: ३०, २५, २९.९७, जे असेल ते. अंदाजाने घालू नका. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की फ्रेम रेट दिसतो.

मीडियाइन्फो उघडलंच आहे तर त्यात ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळही बघा. तिथे ‘कॉन्स्टंट’ असेल तर उत्तम. ‘व्हेरिएबल’ असेल तर जरा थांबा. बरेच मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेमा कमी काढतात, मग पुन्हा वाढवतात. बघताना कळत नाही, पण आवाजाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक फ्रेम ठरलेल्या वेळी हवी असते, आणि अशा फाइलमध्ये ओठ एकदा पुढे, एकदा मागे पळतात. उपाय म्हणजे हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल एकदा काढून घेणं: व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेट ३०, खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, आणि दर्जाचा आकडा १८ ते २०च्या दरम्यान. इथे चित्र एकदा जास्त दाबलं जातं हे खरं, पण १८वर ते डोळ्याला जाणवत नाही. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग करताना मोबाइलमध्ये फ्रेम रेट पक्का ठेवायची सोय आहे का बघा. काही कॅमेरा अ‍ॅपमध्ये ती असते.

मग व्हिडिओची फाइल माउसने ओढून रीपरमध्ये टाका. एक ट्रॅक तयार होईल. चित्र दिसलं नाही तर घाबरू नका, त्याची खिडकी वेगळी असते: कंट्रोल-शिफ्ट-व्ही. तरीही काळं राहिलं तर रीपरला ती फाइल उलगडता येत नाहीये, त्याकडे रेंडरच्या वेळी येतो.

व्हिडिओचा आयटम, म्हणजे ट्रॅकवर दिसणारा त्याचा तुकडा, अगदी शून्यावर ठेवा, प्रोजेक्टच्या पहिल्या क्षणाला. मग त्यावर राइट क्लिक करून आयटम सेटिंग्जमधून लॉक करा. यापुढे हलवायचा तो आवाज, चित्र नाही.

टाळाचा पहिला ठोका

सिनेमावाले क्लॅप वापरतात, आमच्याकडे टाळ आहेत. टाळाच्या ठोक्याची लाट पडद्यावर सुळक्यासारखी उभी राहते, पखवाजाच्या थापेपेक्षाही टोकदार. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं की मी एकाला सांगतो, मोबाइलकडे बघून टाळ एकदा जोरात वाजव आणि मग दोन सेकंद गप्प बस. मंडळातल्या पोरांना हे आता इतकं पाठ झालंय की मी विसरलो तर तेच आठवण करून देतात.

रीपरमध्ये मोबाइलच्या आवाजात तो सुळका शोधा, माइकच्या ट्रॅकवरही शोधा. चारही माइकचे आयटम एकत्र निवडून सरकवा, एकेक नाही, नाहीतर पेटी आणि पखवाज एकमेकांपासून सुटतील. सरकवताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे आयटम ग्रिडच्या रेघेला चिकटत नाही. दोन्ही सुळके एकाखाली एक आले की ऐका.

इथे एक बारकावा आहे. मोबाइल दाराशी, बुवांपासून १२ मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १२ मीटरला जवळजवळ ३५ मिलिसेकंद लागतात. उजेड तर तत्क्षणी पोचतो. म्हणजे मोबाइलमधला आवाज मोबाइलमधल्याच चित्राच्या ३५ मिलिसेकंद मागे आहे, आणि तुम्ही माइकचा आवाज त्याच्याशी जुळवलात तर तोही तेवढाच मागे राहील. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा ही चूक एका फ्रेमएवढीही नाही. तरी जवळून काढलेल्या चित्रात मी ती दुरुस्त करतो: आयटम निवडून एफ२, आणि पोझिशनमधून तेवढं वजा.

किती फरक चालतो? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या दूरचित्रवाणीसाठीच्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवायला लागतं, पण मागे राहिला तर १२५पर्यंत कळत नाही. हे असं का ते गणपतीच्या मिरवणुकीत लांब उभं राहून बघा. ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं, ठोका नंतर येतो. आवाज मागून येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची नाही. तेव्हा शंका असेल तर आवाज किंचित मागे ठेवा.

सुरुवात जुळली की थेट शेवटाला जा, गजरातल्या शेवटच्या टाळाला. तिथेही जुळतंय का? नसेल तर किती सुटलंय ते मोजा, कारण त्या आकड्यावरून रोग कळतो.

शेवटी १०-२० मिलिसेकंदांचा फरक असेल तर ती मोबाइल आणि इंटरफेस या दोन यंत्रांच्या घड्याळांतली तफावत. नऊ मिनिटांत सोडून द्या. तासाभराच्या कीर्तनात मात्र ती शंभरच्या पुढे जाऊ शकते, तिथे ऑल्ट दाबून आयटमची उजवी कड ओढा आणि चिमूटभर ताणून जुळवा.

जवळजवळ अर्धा सेकंद सुटलं असेल तर कुठेतरी २९.९७ आणि ३०ची गल्लत झाली आहे. दोन्हींत हजारात एकाचा फरक आहे, आणि ५५२ सेकंदांचा हजारावा भाग म्हणजे ०.५५ सेकंद. ताणत बसू नका, फ्रेम रेट सुधारा.

आणि लांबीबरोबर सूरच बदलला असेल, काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी वाजत असेल, तर ४४१००ची फाइल कुणीतरी ४८००० समजून वाचतंय. हे पेटीवाल्याला तुमच्याआधी कळेल.

मोबाइलच्या आवाजाचं काम संपलं. आता तो बंद करायचा, पण ट्रॅक म्यूट करून नाही. रीपरमध्ये व्हिडिओचा ट्रॅक म्यूट केला की चित्रही जातं. नवख्यांचा निम्मा वेळ या एका गोष्टीत जातो. फेडर तळाला ओढा, आवाज जाईल आणि चित्र राहील. मी कधी कधी तो पूर्ण बंद न करता अगदी पुसट ठेवतो, कारण देवळाचा घुमार त्यात असतो आणि जवळच्या माइकमध्ये तो सापडत नाही.

रेंडरच्या आधी

मिश्रण कसं करावं हा या लेखाचा विषय नाही. पण रेंडर करण्याआधी दोन गोष्टी बघाच.

पहिली, सोलो, म्हणजे एकच ट्रॅक ऐकवून बाकीचे गप्प करणारं बटण. एकदा पखवाजाची थाप तपासायला सोलो दाबलं, मधेच चहा आला, परत येऊन रेंडर केलं आणि फाइल तशीच मंडळाच्या ग्रुपवर टाकली. नऊ मिनिटं नुसता पखवाज. वाजवणारा खूश होता, तो भाग वेगळा. आता माझी सवय अशी: रेंडर आधी मधले कुठलेही दहा सेकंद, मग शेवटचे दहा सेकंद ऐकायचे.

दुसरी, आवाजाची पातळी. ती एलयूएफएसमध्ये मोजतात, म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्या मापात. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज स्वतः कमी करतं, लहान असेल तर वाढवत मात्र नाही. रेंडरच्या खिडकीत नॉर्मलाइझचं बटण आहे, तिथे एलयूएफएस-आय निवडून लक्ष्य उणे १४ आणि ट्रू पीकची, म्हणजे सगळ्यात उंच सुळक्याची, मर्यादा उणे १ देता येते. सगळीकडे हाच सल्ला मिळेल. पण भजनात टाळ असतात. सरासरी पातळी उणे २०वर असेल आणि तुम्ही ती सहा डेसिबलने वर ढकलली, तर टाळाचे सुळके छताला आपटतात आणि लिमिटर ते चेपतो. मग टाळ टाळासारखे न वाजता पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. मी उणे १६वर थांबतो. ऐकणारा मोबाइलचा आवाज एक घर वाढवेल.

खिडकीत ‘ड्राय रन’ म्हणून सोय आहे. फाइल न बनवता ती पूर्ण प्रोजेक्ट चालवून पातळी किती भरते ते सांगते. आधी ते करा, मग आकडे ठरवा.

पहिली वाट: फक्त आवाज काढून जोडणं

इथे एकच नियम: आवाजाची फाइल व्हिडिओइतकीच लांब हवी आणि त्याच क्षणी सुरू व्हायला हवी. म्हणून तर व्हिडिओ शून्यावर ठेवला.

व्हिडिओचा आयटम निवडा. प्रश्नचिन्हाची कळ दाबली की अ‍ॅक्शनची यादी उघडते. तिथे ‘सेट टाइम सिलेक्शन टू आयटम्स’ शोधा आणि चालवा. आता आयटमच्या दोन्ही टोकांइतकीच निवड झाली. फाइल मेनूतून रेंडर, किंवा कंट्रोल-ऑल्ट-आर. वर सोर्समध्ये ‘मास्टर मिक्स’, बाउंड्समध्ये ‘टाइम सिलेक्शन’. टेलची खूण काढा, नाहीतर गुंजेसाठी जोडलेला एखादा सेकंद फाइलला शेपटासारखा लागतो. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८०००, स्टीरिओ. आमच्या अभंगाची अशी फाइल जवळपास १५९ एमबी भरते.

जोडायला अ‍ॅव्हीडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मूळ व्हिडिओ उघडा. हँडब्रेकमधून काढली असेल तर ती फाइल, कारण तुम्ही जुळवलं तिच्याशी. डावीकडे व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’वरच राहू द्या, साऱ्या खटाटोपाचं सार त्या एका शब्दात आहे. ऑडिओच्या मेनूतून ‘सिलेक्ट ट्रॅक’, तिथल्या यादीत नवा ट्रॅक जोडण्याचा पर्याय, आणि तुमची वेव्ह फाइल. ऑडिओ आउटपुटमध्ये एएसी निवडा, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा, ३२० ठेवा. आउटपुट फॉरमॅट एमपी४ मक्सर. सेव्ह. चित्र पुन्हा दाबायचं नसल्यामुळे काम झटक्यात होतं.

मर्यादा एकच. कॉपीच्या वाटेने चित्र हव्या त्या जागी कापता येत नाही, फक्त की-फ्रेमवर, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच कापता येतं. सुरुवातीचा टाळ आणि ती दोन सेकंदांची शांतता काढायची असेल तर नेमकी हवी ती जागा मिळेलच असं नाही. मी ती बऱ्याचदा ठेवून देतो, किंवा चढवल्यावर यूट्यूब स्टुडिओच्या संपादकातून छाटतो.

दुसरी वाट: रीपरमधूनच व्हिडिओ

रेंडरची तीच खिडकी. आउटपुट फॉरमॅटच्या यादीत व्हिडिओचा पर्याय असतो, सहसा एफएफएमपेग या व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या सॉफ्टवेअरच्या नावाने. तो निवडला की खाली आणखी रकाने उघडतात.

विंडोजवर त्या यादीत एमपी४ किंवा एच.२६४ दिसतच नसेल, किंवा मघाशी व्हिडिओ काळा राहिला असेल, तर एफएफएमपेगच्या लायब्ररी बसवाव्या लागतील. त्यांचा ‘शेअर्ड’ प्रकार उतरवा, ६४ बिट रीपरला ६४ बिटच. रीपरमध्ये ऑप्शन्स मेनूतून ‘शो रीपर रिसोर्स पाथ’ केलं की एक फोल्डर उघडतं, त्यातल्या ‘युजरप्लगिन्स’ फोल्डरमध्ये उतरवलेल्या डीएलएल फाइली टाका. रीपर बंद करून पुन्हा सुरू करा. एफएफएमपेगची सगळ्यात नवी आवृत्ती प्रत्येक रीपरला चालतेच असं नाही. तुमच्या रीपरला कुठली चालते ते रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखालच्या व्हिडिओच्या पानावर बघा.

आता रकाने. फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ कोडेक (म्हणजे दाबण्याची पद्धत) एच.२६४, ऑडिओ कोडेक एएसी. याहून नवं, चांगलं काही असतं, पण बुवांच्या मोबाइलवर, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टरवर आणि मावशीच्या जुन्या टीव्हीवर सगळीकडे चालतं ते हेच.

रुंदी-उंची मूळ व्हिडिओचीच. सध्याच्या व्हिडिओवरून मापं भरण्याचं बटण तिथेच आहे, ते वापरा. हाताने भरलीत तर दोन्ही आकडे सम ठेवा, एच.२६४ला विषम चालत नाहीत. मोबाइल उभा धरून काढलं असेल तर १०८० रुंद आणि १९२० उंच, उलट नाही. लक्षात न घेता उलटं भरलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मधे चिमुकले बुवा.

फ्रेम रेटमध्ये प्रोजेक्टला दिला तोच आकडा. इथे ‘६० ठेवलं तर जास्त छान’ असं करू नका. ३०च्या चित्रातून ६० काढलं तर प्रत्येक फ्रेम दोनदा येते, बाकी काही नाही.

आणि व्हिडिओचा बिटरेट. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण रकान्यात आधीच काहीतरी भरलेलं असतं आणि माणूस ते तसंच ठेवतो. यूट्यूबची शिफारस अशी: १०८०पीला ३० फ्रेमपर्यंत ८ एमबीपीएस, ६० फ्रेमला १२, ७२०पीला ३० फ्रेमपर्यंत ५. रीपरचा रकाना केबीपीएसमध्ये आहे, म्हणून ८००० लिहायचं. फाइल केवढी होईल हे आधीच काढता येतं: ८ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी. आमच्या अभंगाचे ५५२ सेकंद म्हणजे ५५२ एमबी, वर ३२०च्या आवाजाचे २२. ही रक्कम बघून घाबरून बिटरेट अर्धा करणारे लोक मला माहीत आहेत. करू नका. यूट्यूब ती पुन्हा दाबणारच आहे, त्याला द्यायची फाइल भरगच्च हवी. मी तर समईच्या उजेडातल्या चित्राला १२००० देतो.

चित्र कापायचं असेल तर आता ते जमतं. बुवांनी तंबोऱ्यात सूर लावला तिथून गजर संपेपर्यंत टाइम सिलेक्शन करा आणि बाउंड्समध्ये तेच निवडा. शेवटच्या टाळाची गुंज पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग दोन सेकंद अजून.

वर नाव हवं असेल तर व्हिडिओच्या ट्रॅकवर ‘व्हिडिओ प्रोसेसर’ हा इफेक्ट लावा. त्याच्या प्रीसेटमध्ये ‘टायटल टेक्स्ट ओव्हरले’ आहे. देवनागरी अक्षरं नीट बसली का ते मात्र डोळ्यांनी तपासा. जोडाक्षर फुटलं, किंवा ‘कीर्तन’मधला रफार जागेवर नसला, तर नाव दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून बनवा आणि तेच रीपरमध्ये ट्रॅकवर टाका. रीपर चित्रही घेतं, आणि त्याची कड ओढली की हवं तितका वेळ दिसतं. व्हिडिओ नसलेल्या गाण्याला फोटो लावायची रीतही हीच: फोटो ट्रॅकवर, कड गाण्याच्या शेवटापर्यंत, बाकी रेंडर वर सांगितल्याप्रमाणे. स्थिर चित्राला बिटरेट फार लागत नाही, २००० पुरतात.

सगळं भरलं की पूर्ण नऊ मिनिटं रेंडर करू नका. आधी ३० सेकंद निवडा, जिथे बुवांचं तोंड स्पष्ट दिसतं आणि टाळही आहेत. तेवढं रेंडर करून मोबाइलवर बघा. बरं वाटलं तर पूर्ण.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

ऑडॅसिटीतून व्हिडिओ निघत नाही, कितीही मेनू धुंडाळा. ते फक्त आवाजाचं आहे, तेव्हा पहिली वाट: वेव्ह काढा आणि अ‍ॅव्हीडेमक्समध्ये जोडा. क्यूबेसमध्ये २०१९च्या १०.५ आवृत्तीपासून एक्सपोर्टखाली व्हिडिओचा पर्याय आहे. लॉजिक प्रोमध्ये फाइल मेनूतल्या ‘मूव्ही’खाली आवाज मूळ चित्रफितीत घालून काढता येतो. एबलटन लाइव्हमध्ये एक्सपोर्टच्या खिडकीत ‘क्रिएट व्हिडिओ’चं बटण चालू करावं लागतं. नावं वेगळी, प्रश्न तेच: कुठून कुठपर्यंत, किती फ्रेमा, किती बिटरेट.

फाइल तयार झाल्यावर

तिच्यावर डबल क्लिक करून रीपरशिवाय बघा. व्हीएलसीमध्ये एकदा आणि मोबाइलवर एकदा. सुरुवातीचा टाळ, मधला एखादा, आणि शेवटच्या गजरातला, या तीन जागा. प्रोजेक्टमध्ये जुळलेलं फाइलमध्ये सुटलं असेल तर फ्रेम रेटचा रकाना पुन्हा बघा, दहापैकी नऊ वेळा तिथेच सापडतं.

मंडळाच्या ग्रुपवर पाठवायची फाइल वेगळी काढा. ७२०पी, बिटरेट १५०० ठेवला तर आमचा अभंग साधारण १०४ एमबीत बसतो, आवाज १२८वर असला तर ११२. व्हॉट्सअ‍ॅपवर ती व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप तिला स्वतः आणखी दाबतं, डॉक्युमेंट जसंच्या तसं पोचतं आणि २ जीबीपर्यंत जातं. फक्त बुवांना फोन करून सांगा की खाली बाणाची खूण आहे, ती दाबायची. नाहीतर संध्याकाळी विचारतात, ‘अरे, ते तू कागदपत्र कसलं पाठवलंस?’